प्लस कुठे बसतो ते बघा: बेंझीनच्या अभिक्रिया पाठ न करता कशा शिकायच्या

जुलै-ऑगस्टात बी.एस्सी.चे वर्ग रुळले, की कुणीतरी वही घेऊन माझ्याकडे येतंच. कधी यावलचं, कधी चोपड्याचं, कधी एरंडोलचं. वहीत पाच चौकटी, पाच रंगांच्या पेनांनी काढलेल्या. "सर, नायट्रेशन आणि हॅलोजनेशन पाठ झालं. सल्फोनेशन उद्या करतो. फ्रीडेल-क्राफ्ट्सचे दोन्ही काही डोक्यात बसत नाहीत."

बसणारही नाहीत. पाच वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ केल्या तर दिवाळीपर्यंत सगळ्या एकमेकींत मिसळतात. मुळात अभिक्रिया एकच आहे: बेंझीनच्या रिंगवरचा एक हायड्रोजन जातो आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी येतं. येणारा पाहुणा बदलतो, रिंग करते ते तेच.

हा लेख मराठी माध्यमातून बारावी करून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत आलेल्यांसाठी आहे. मराठी पुस्तकात याला इलेक्ट्रॉनस्नेही अरोमॅटिक प्रतियोजन म्हणतात, वर्गात सगळे ईएएस (इलेक्ट्रोफिलिक अॅरोमॅटिक सब्स्टिट्यूशन) म्हणतात. मी वर्गातली भाषा वापरतो. पेन्सिल, खोडरबर आणि पाठकोरे कागद घेऊन बसा. नुसतं वाचून हे येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली पायरी: रिंग समजून घ्या

बेंझीन १८२५ मध्ये मायकेल फॅरडेने वेगळं काढलं आणि त्याची षटकोनी रचना केकुलेने १८६५ मध्ये मांडली. मधली चाळीस वर्षं लोक एकाच प्रश्नावर अडले होते. सहा कार्बनला सहाच हायड्रोजन, म्हणजे हा पदार्थ चांगलाच असंपृक्त असायला हवा. मग तो असंपृक्तासारखा वागत का नाही? ब्रोमिनचं पाणी अल्कीनमध्ये टाकलं की रंग लगेच उडतो. बेंझीनमध्ये टाका, काही होत नाही.

याचं उत्तर आकड्यांत आहे. सायक्लोहेक्झीनमधल्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला, की मोलमागे साधारण १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बेंझीनमध्ये तसे तीन बंध धरले तर ३६० पडायला हवी. पडते २०८ च्या आसपास. म्हणजे बेंझीन आपल्या अंदाजापेक्षा सुमारे १५० किलोज्यूलने खाली, निवांत बसलेलं आहे. बंधांची लांबीही तेच सांगते. एकेरी बंध १५४ पिकोमीटरचा, दुहेरी १३४ चा, आणि बेंझीनमधले सहाच्या सहा सारखेच, १३९ चे.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते ना, तसं समजा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सहा जण गोल बसलेले, मधे एकच मोठी परात. प्रत्येकाने आपला वाटा परातीत टाकलेला. आता त्यातला घास कुणाचा, हे कुणी विचारत नाही. बेंझीनमधल्या प्रत्येक कार्बनने एकेक इलेक्ट्रॉन या सामाईक परातीत टाकलाय आणि ते सहा इलेक्ट्रॉन सगळ्यांचे आहेत. ही बैठक मोडणं रिंगला परवडत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं, म्हणून ते वहीच्या कव्हरवर लिहिलंत तरी चालेल.

कागदावर रिंग काढताना मधे गोल काढू नका. गोल दिसायला छान, पण त्यातले इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत. तीन दुहेरी रेघांची केकुले रचना काढा आणि कार्बनना १ ते ६ आकडे द्या. निदान पहिला महिना तरी द्या.

दुसरी पायरी: पाहुणा कोण ते ओळखा

परातीवर इलेक्ट्रॉनांचा ढग आहे, त्यामुळे तिथे येणार तो इलेक्ट्रॉनांचा भुकेला. हाच इलेक्ट्रोफाईल. पण रिंग इतकी निवांत आहे, की अर्धवट भुकेल्याला ती दारात उभं करत नाही. पाहुण्याला आणखी भुकेलं करावं लागतं. बाटल्यांतली ती सगळी रसायनं, तापमानं, 'अनहायड्रस'ची (म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्याची) लेबलं, हा सारा खटाटोप तेवढ्यासाठी.

नायट्रेशनमध्ये संहत नायट्रिक आणि संहत सल्फ्युरिक एकत्र करतात. सल्फ्युरिक जास्त दांडगं. ते नायट्रिकला प्रोटॉन देतं, म्हणजे इथे नायट्रिक आम्ल चक्क आम्लारीसारखं वागतं. मग त्यातून पाणी निघून जातं आणि उरतो नायट्रोनियम आयन, धन प्रभाराचा, म्हणजे प्लसचा. पाहुणा तो आहे, नायट्रिक आम्ल नव्हे. परीक्षेत 'नायट्रिक आम्ल रिंगवर अटॅक करतं' असं लिहिणारे निम्मे असतात.

ब्रोमिनच्या बाबतीत लोखंडाचा ब्रोमाइड त्या रेणूचं एक टोक धरून ओढतो, मग दुसरं टोक भुकेलं होतं. क्लोरीनचंही तसंच. आयोडीन आळशी, त्याला नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक लावून हलवावं लागतं. फ्लोरीन इतका आततायी, की थेट वापरतच नाहीत. सल्फोनेशनमध्ये ओलियममधला (धूर सोडणाऱ्या सल्फ्युरिक आम्लातला) सल्फर ट्रायऑक्साइड हाच पाहुणा. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये अॅल्युमिनियम क्लोराइड वापरला. तो अल्किल क्लोराइडमधला क्लोरीन ओढून कार्बोकॅटायन (कार्बनवर प्लस असलेला आयन) तयार करतो आणि अॅसिल क्लोराइडमधून अॅसिलियम आयन.

जाता जाता एक. अॅल्युमिनियम क्लोराइडची बाटली पावसाळ्यात उघडून गप्पा मारत बसू नका. हवेतलं बाष्प ओढून ती पांढरा धूर सोडते, तो धूर हायड्रोजन क्लोराइडचा. पंधरा मिनिटांनी हातात जे उरतं, त्याने कुठलीच अभिक्रिया होत नाही.

तिसरी पायरी: बाण

वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवास. पाटाचं पाणी पाटातून वावरात जातं, वावरातून पाटात नाही. बाणाची शेपटी जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथे, टोक जिथे ते जाणार तिथे. म्हणजे पहिला बाण रिंगच्या दुहेरी रेघेपासून निघून पाहुण्याकडे जातो. 'पाहुणा अटॅक करतो' असं आपण बोलतो म्हणून पोरं प्लसपासून रिंगकडे बाण काढतात. बोलायला हरकत नाही, काढायला आहे.

चौथी पायरी: दोन टप्पे, आणि मधला कागद

आता काढा. पाहुणा कार्बन १ ला चिकटला. रिंगने दोन इलेक्ट्रॉन खर्च केले, परातीत उरले चार. कार्बन १ वर आता हायड्रोजनही आहे आणि पाहुणाही. त्याचे चारही हात गुंतले, त्यामुळे तो बैठकीतून उठला. उरलेल्या पाच जणांत चार इलेक्ट्रॉन. एकाला कमी पडतात, तिथे प्लस.

ही मधली अवस्था म्हणजे सिग्मा कॉम्प्लेक्स किंवा अरेनियम आयन. काही पुस्तकांत व्हीलँड इंटरमिजिएट म्हणून भेटतं, घाबरू नका, तेच ते. इथे कार्बन १ वरचा हायड्रोजन ठळक काढायचा. एरवी रिंगवरचे हायड्रोजन आपण दाखवत नाही, पण हा दाखवला नाही तर दुसऱ्या टप्प्यात कोण गेलं ते कळणारच नाही.

प्लस एका जागी राहत नाही. शेजारचा दुहेरी बंध सरकवा, प्लस पुढे जातो. तीन संस्पंदन रचना (एकाच आयनची तीन चित्रं) निघतात आणि त्यांत प्लस बसतो कार्बन २ वर, ४ वर आणि ६ वर. ३ आणि ५ वर कधीच नाही. हे माझ्या सांगण्यावर मानू नका, काढून बघा. मी अजूनही दरवर्षी फळ्यावर काढतो आणि दरवर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, "हाई काय शे, सर? तीनवर का नाही?" मग त्याला खडू देतो. तीनवर प्लस आणायचा म्हणजे एखाद्या कार्बनला पाच हात द्यावे लागतात, हे त्याला स्वतःच कळतं.

दुसरा टप्पा सोपा. कार्बन १ वरचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन जातो, आपल्या बंधातले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो, ते परातीत परत येतात. सहा पुरे. बैठक पुन्हा बसली. अल्कीनसारखी समावेशन अभिक्रिया इथे का होत नाही, याचं कारणही हेच. दुसरा पाहुणा येऊन बसला असता तर परात कायमची मोडली असती आणि ते दीडशे किलोज्यूल गेले असते.

या दोनांत पहिला टप्पा मंद, कारण बैठक त्यातच मोडते. मेलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊबंद बसवून नायट्रेशनचा वेग मोजला. वेग बदलला नाही. म्हणजे वेग ठरतो त्या टप्प्यात हायड्रोजनचा बंध तुटतच नसतो.

पाचवी पायरी: आधीच कुणी बसलेलं असेल तर

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात आणि सगळ्यात जास्त पाठांतरही इथेच होतं. ऑर्थो-पॅराची यादी, मेटाची यादी, अॅक्टिव्हेटिंग (वेग वाढवणारे), डीअॅक्टिव्हेटिंग (वेग कमी करणारे). बसलेल्या गटाच्या लगतची जागा ऑर्थो, एक सोडून पुढची मेटा, समोरची पॅरा. यादी फाडून टाका. आपल्याला फक्त प्लस कुठे बसतो ते बघायचंय.

नवा पाहुणा जिथे बसतो, त्याच्यापासून प्लस २, ४, ६ वर जातो, म्हणजे त्याच्या ऑर्थो आणि पॅरा जागांवर. आता जुना गट रिंगवर कुठेतरी आहे. नवा पाहुणा जुन्याच्या ऑर्थोला किंवा पॅराला आला, तर तीनांपैकी एका रचनेत प्लस थेट जुन्या गटाच्या कार्बनवर येऊन बसतो. मेटाला आला तर कधीच येत नाही. मग प्रश्न एकच उरतो: त्या जुन्या गटाला आपल्या दारात प्लस आलेला चालतो का?

फिनॉल घ्या. ओएच गटाच्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या आहेत. भरीत पार्टीला जादा डबा घेऊन आलेला माणूस. त्याच्या शेजारी कमी पडलं, की तो डबा उघडतो आणि वाढतो. त्यामुळे ऑर्थो आणि पॅराच्या वाटेवर तीनऐवजी चार रचना मिळतात, आणि त्या चौथीत प्रत्येक अणूचं अष्टक पूर्ण असतं. ही रचना इतकी बळकट, की फिनॉलमध्ये ब्रोमिनचं पाणी टाकलं तर लोखंडबिखंड काही लागत नाही. लगेच पांढरा अवक्षेप: २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉल. दोन्ही ऑर्थो आणि पॅरा, तिन्ही जागा भरल्या. अॅनिलिनचंही असंच.

टोल्युइनच्या मिथाइलकडे डबा नाही, पण शेजारधर्म आहे. आपल्या कार्बन-हायड्रोजन बंधांतून तो थोडं पुढे सरकवतो. टोल्युइनचं नायट्रेशन बेंझीनपेक्षा साधारण २५ पट वेगाने होतं. उत्पादनात ऑर्थो साठ टक्क्यांच्या आसपास, पॅरा सदतीसच्या आसपास आणि मेटा जेमतेम तीन-चार टक्के. ऑर्थो जास्त का, हा प्रश्न तोंडीला हमखास येतो. ऑर्थोच्या जागा दोन आहेत, पॅराची एक, इतकं साधं उत्तर. मिथाइलच्या जागी टर्शरी ब्युटाइलसारखा धिप्पाड गट असला, की ऑर्थोला बसायला जागाच उरत नाही आणि पॅरा पुढे जातो.

आता नायट्रोबेंझीन. नायट्रो गटातल्या नायट्रोजनवर स्वतःचाच प्लस आहे. रिकाम्या हाताने आला आणि परातही आपल्याकडे ओढतोय. त्याच्या दारात आणखी एक प्लस म्हणजे प्लसशेजारी प्लस. ऑर्थो आणि पॅराच्या वाटेवर हे होतं, मेटाच्या वाटेवर टळतं. म्हणून नायट्रोबेंझीनच्या नायट्रेशनमध्ये ९३ टक्क्यांच्या आसपास मेटा मिळतं. लक्षात घ्या, मेटा जागेवर नायट्रोचं काही प्रेम नाही. तिन्ही जागा वाईटच, मेटा त्यातल्या त्यात कमी वाईट. अभिक्रिया बेंझीनपेक्षा लाखो पटींनी मंद होते, ती उगाच नाही. 'मेटा डायरेक्टिंग' हे नाव मला म्हणूनच आवडत नाही. तो गट मेटाकडे पाठवत नाही, ऑर्थो-पॅराची दारं बंद करतो.

कार्बोनिल, कार्बोक्झिलिक आम्ल, सायनो, सल्फोनिक आम्ल हे सगळे नायट्रोच्या पंक्तीतले. रिंगला चिकटलेल्या अणूवर प्लस किंवा अर्धा प्लस आहे का, एवढं बघा.

राहिला क्लोरीन. दुसऱ्या वर्षाला असताना मी परीक्षेत ठामपणे लिहिलं होतं: 'क्लोरीन विद्युतऋण आहे, इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून मेटा.' तीन मार्क गेले आणि वर्षभर मला वाटत राहिलं, की तपासणाऱ्यानेच चूक केली. चूक माझी होती. क्लोरीन म्हणजे तीन डबे घेऊन आलेला चिक्कू माणूस. एरवी परात आपल्याकडे ओढतो, त्यामुळे सगळ्यांचाच वेग कमी होतो, क्लोरोबेंझीन बेंझीनपेक्षा मंद. पण प्लस नेमका त्याच्याच दारात येऊन बसला, तर लाजेकाजेस्तव का होईना एक डबा उघडतो. म्हणून वेग मंद आणि तरीही जागा ऑर्थो-पॅरा. नायट्रेशनला साधारण ३० टक्के ऑर्थो, ७० टक्के पॅरा. वेग आणि दिशा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे क्लोरीनइतकं चांगलं दुसरं कुणी शिकवत नाही.

आपल्याकडे जुनी माणसं हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर झालेली डीडीटीची फवारणी अजून सांगतात. ते डीडीटी याच हिशेबातून बनतं. दोन क्लोरोबेंझीन आणि एक क्लोराल, सल्फ्युरिक आम्लात. पाहुणा दोन्ही रिंगांवर मुख्यतः क्लोरीनच्या पॅराला बसतो. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलरने १९३९ मध्ये ओळखला आणि १९४८ चं नोबेल मिळवलं. पुढे त्याच डीडीटीचे जमिनीत आणि पक्ष्यांच्या अंड्यांत साठण्याचे दुष्परिणाम कळले, तो वेगळा धडा.

फ्रीडेल-क्राफ्ट्सचे नखरे

अल्किलेशनला दोन खोडी. एक, अल्किल बसल्यावर रिंग आधीपेक्षा उदार होते, मग दुसरा, तिसरा बसतच जातो. दोन, कार्बोकॅटायन सोयीची जागा शोधतो. सरळ साखळीचा प्रोपिल क्लोराइड घ्या, मिळतं मुख्यतः आयसोप्रोपिल बेंझीन, म्हणजे क्युमीन. अॅसिलेशनला दोन्ही खोडी नाहीत. अॅसिलियम आयन सरकत नाही आणि कार्बोनिल बसल्यावर रिंग कंजूष होते, दुसरा येत नाही. म्हणून सरळ प्रोपिल हवा असेल तर आधी प्रोपेनॉइल क्लोराइडने अॅसिलेशन करा, मग झिंक अमाल्गम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने क्लेमेन्सन क्षपण, म्हणजे कार्बोनिलमधला ऑक्सिजन काढून टाका. अॅसिलेशनला अॅल्युमिनियम क्लोराइड एक मोलपेक्षा जास्त लागतो, कारण तयार झालेला कीटोन त्याला धरून बसतो. नायट्रोबेंझीनवर यातलं काहीच होत नाही. अॅनिलिनवरही नाही, तिथे नायट्रोजनच अॅल्युमिनियम क्लोराइडला पकडतो.

डोकेदुखीला घेतो ते आयबुप्रोफेन आयसोब्युटाइल बेंझीनच्या फ्रीडेल-क्राफ्ट्स अॅसिलेशनने सुरू होतं. 'सर, याचा उपयोग काय,' असं विचारणाऱ्याला मी हेच सांगतो.

क्रम चुकला की सगळं चुकलं

टोल्युइनपासून पॅरा-नायट्रोबेंझॉइक आम्ल करायचंय. आणि मेटा-नायट्रोबेंझॉइक आम्लही. दोन्हींना पायऱ्या त्याच: नायट्रेशन आणि परमँगनेटने मिथाइलचं ऑक्सिडीकरण. आधी नायट्रेशन केलं तर मिथाइल ऑर्थो-पॅराला पाठवतो, पॅरा वेगळं करून ऑक्सिडीकरण करा, पहिलं मिळालं. आधी ऑक्सिडीकरण केलं तर मिथाइलचं कार्बोक्झिलिक आम्ल होतं, मग नायट्रेशन मेटाला, दुसरं मिळालं. असले प्रश्न सोडवताना शेवटच्या पदार्थाकडे बघा आणि विचारा: शेवटचा पाहुणा बसला तेव्हा रिंगवर कोण होतं आणि त्याने ही जागा दिली असती का?

सल्फोनिक गटाचा एक खास उपयोग आहे. सल्फोनेशन उलटवता येतं, विरल आम्लात वाफेने तापवलं की गट निघून जातो. म्हणजे पॅरा जागेवर रुमाल टाकून ठेवायचा, ऑर्थोला हवं ते बसवायचं, मग रुमाल उचलायचा. एसटीत जागा धरतात तसं.

शेवटची पायरी: हाताने करून बघा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये अॅसिटॅनिलाइडचं नायट्रेशन असतं. अॅनिलिन थेट का घेत नाहीत? मिश्र आम्लात अॅनिलिनचा नायट्रोजन प्रोटॉन घेतो आणि अॅनिलिनियम होतो. त्याचा डबा गेला, वर प्लस आला. मग पॅरा ५१ टक्के, मेटा ४७ टक्के, ऑर्थो २ टक्के असा गोंधळ मिळतो, शिवाय नायट्रिक बरंचसं अॅनिलिन जाळून डांबर करतं. अॅसिटिल गट लावला की नायट्रोजनचा उदारपणा मर्यादेत येतो, आणि तो गट अंगाने मोठा असल्याने पाहुणा पॅराला जातो.

५ ग्रॅम अॅसिटॅनिलाइड घ्या, ५ मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल टाका, थोडं कोमट करा. त्यात ढवळत ढवळत १० मिली संहत सल्फ्युरिक. बीकर गरम होईल, होऊ द्या, पण घाई नको. आता बर्फ आणि मिठात ठेवून ते ० ते २ अंशांवर आणा.

इथे आपला खान्देश आडवा येतो. पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली. त्यांत 'नळाच्या पाण्यात थंड करा' असं असतं. आपल्याकडे एप्रिलच्या परीक्षेत बाहेर ४३-४४ अंश असतात आणि गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने चहा करावा. मी विद्यार्थी असताना आमच्या बॅचला लॅबमधला बर्फ दुपारी दोनलाच संपला. मी म्हटलं, थोडंच तर राहिलंय, आणि उरलेलं नायट्रिक तसंच ओतलं. थर्मामीटर ३५ च्या वर गेला. हाती आला पिवळसर-केशरी चिखल, ज्याचा वितळणबिंदू काही केल्या एका जागी थांबेना. तेव्हापासून मी प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळीच रसवंतीवाल्याकडून दोन किलो बर्फ गोणपाटात बांधून आणतो. तुम्हीही आणा, आणि बर्फ कुटून घ्या. मोठ्या ढेपेभोवती बीकर नीट थंड होत नाही.

दुसऱ्या छोट्या फ्लास्कमध्ये २.२ मिली संहत नायट्रिक, त्यात हळूहळू १.४ मिली संहत सल्फ्युरिक, हेही बर्फात. हे मिश्रण ड्रॉपरने थेंब थेंब टाका आणि तापमान १० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. थर्मामीटरने ढवळू नका, तो फुटतो आणि पैसे तुमच्याकडूनच घेतात. काचेची कांडी घ्या. नायट्रिक जवळपास एकास एक प्रमाणात घेतलंय, म्हणजे दुसरा नायट्रो बसायला माल उरत नाही.

गॉगल आणि हातमोजे घालाच. नायट्रिकचा थेंब बोटावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरी पिवळा डाग उमटेल आणि साबणाने जाणार नाही, ती कातडी निघून जाईपर्यंत राहील. कारण तो डाग बोटावर झालेलं नायट्रेशन आहे. कातडीतल्या प्रथिनांत टायरोसिन असतं, टायरोसिनला फिनॉलची रिंग असते, आणि फिनॉलची रिंग किती उदार ते वर वाचलंतच. आमच्या जुन्या लॅब असिस्टंटांच्या उजव्या अंगठ्यावर हा डाग कायम असे.

सगळं टाकून झालं की बीकर बाहेर काढा आणि तासभर ठेवा. (बाहेर चाळीस असतील तर पंख्याखाली, साध्या पाण्याच्या टबात.) मग सावकाश ५० ग्रॅम कुटलेल्या बर्फावर ओता. आम्लात पाणी नाही, बर्फावर आम्ल. पिवळसर घन पदार्थ बाहेर येईल. बुकनर फनेलवर गाळा आणि थंड पाण्याने धुवत राहा, गाळून आलेलं पाणी लिटमसला आम्लधर्मी लागेनासं होईपर्यंत. या धुण्याचा कंटाळा बहुतेकांना येतो.

आता गरम अल्कोहोलमधून स्फटिक काढा. थोडं ऑर्थो-नायट्रोअॅसिटॅनिलाइड तयार झालेलं असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहतं आणि वरचं द्रावण पिवळं दिसतं. खाली बसतात ते पॅराचे फिकट, जवळपास बिनरंगी स्फटिक. वितळणबिंदू २१४ अंशांच्या आसपास यायला हवा. ऑर्थोचा नव्वदच्या घरात असतो, त्यामुळे २०० च्या खाली काही वितळायला लागलं तर पुन्हा अल्कोहोल.

यील्डचा हिशोब: अॅसिटॅनिलाइडचं रेणुवस्तुमान १३५, पॅरा-नायट्रोअॅसिटॅनिलाइडचं १८०. ५ ग्रॅमपासून जास्तीत जास्त ६.६६ ग्रॅम. चार-साडेचार ग्रॅम मिळाले तर खूश व्हा. स्फटिक गाळणकागदावर पसरून रात्रभर सुकू द्या आणि वजन दुसऱ्या दिवशी करा. गेल्या वर्षी एका पठ्ठ्याने फनेलवरून थेट तराजूवर टाकलं आणि जर्नलमध्ये ७.९ ग्रॅम, यील्ड ११८ टक्के लिहिलं. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, त्याला फक्त एवढंच विचारलं, "बाळा, यात पाणी किती टक्के?"